पडद्यासमोर मूल, मुलाशेजारी कोण?

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवण्याचा निश्चय करणारी कुटुंबे आता आपल्या गावांतही अधूनमधून भेटू लागली आहेत. त्यांची संख्या मोठी नाही, आणि त्यांच्याकडे कौतुकाने पाहणाऱ्यांपेक्षा संशयाने पाहणारेच अधिक. परंतु त्यांच्यापुढे जो एक प्रश्न रोज उभा राहतो, तो आता त्यांच्यापुरता उरलेला नाही. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे देशभरच्या शाळांना टाळे लागले, आणि ज्यांनी घरशाळेचे नावही ऐकले नव्हते अशा असंख्य घरांची रातोरात शाळा झाली. त्या दिवसांत भिंतीवरचा दूरचित्रवाणी संच आणि खिशातला मोबाइल ही दोन यंत्रे गुरुजींच्या खुर्चीवर येऊन बसली. पुढे शाळा उघडल्या, मुले दप्तरे पाठीला लावून पुन्हा वर्गात गेली. ती यंत्रे मात्र त्या खुर्चीवरून पुरती उठली नाहीत. शाळेत जाणाऱ्या मुलाच्या घरीही आज संध्याकाळी अपूर्णांकांची चित्रफीत लागते, आणि आई स्वयंपाकघरातून विचारते, "झालं का रे पाहून?" मूल म्हणते, "झालं." तेवढ्यावर त्या दिवसाचे शिक्षण संपते.

म्हणूनच घरी शिकवणाऱ्या मोजक्या कुटुंबांचा अनुभव आपणां सर्वांच्या उपयोगाचा आहे. अशा पालकांच्या तोंडी नेहमी तीन प्रश्न असतात. वाहिनी कोणती चांगली? चित्रफिती कोणत्या दाखवाव्या? आणि दिवसाकाठी किती वेळ? हे प्रश्न वाजवी आहेत, आणि त्यांचा विचार आम्ही पुढे करणारच आहोत. परंतु ह्या तिहींच्या आधी विचारण्याचा एक चौथा प्रश्न आहे आणि नेमका तोच बहुधा राहून जातो. मूल पडद्यासमोर बसले आहे, हे ठीक. पण त्याच्या शेजारी कोण बसले आहे?

आमच्या परिचयाच्या एका घरातील साधी हकीगत सांगतो. सात वर्षांची मुलगी, शाळेत न जाणारी. आई तिला घरी शिकवते, वडिलांचे छोटेसे दुकान आहे, आणि घरात आजी आहे. एके दिवशी मुलीने बी रुजण्याची चित्रफीत पाहिली. मातीत दडलेले बी फुगते, फुटते, मूळ खाली जाते, कोंब वर येतो, दोन पाने उलगडतात. हा सारा सोहळा पाऊण मिनिटात आटोपला. मुलगी हरखून गेली. तिने नारळाच्या करवंटीत माती भरली, चवळीचा दाणा पेरला, वर पाणी शिंपडले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने माती उकरून दाणा बाहेर काढला. तो थोडा फुगला होता, एवढेच. मुलगी आईपाशी गेली आणि रडवेल्या सुरात म्हणाली, "आई, आपलं बी खोटं आहे."

आईने सवयीने मोबाइल हाती घेतला आणि 'बी का उगवत नाही' ह्या विषयावरची दुसरी चित्रफीत शोधू लागली. मध्ये पडली ती आजी. तिने पाच करवंट्या मागवल्या आणि पाचही करवंट्यांत दाणे पेरून घेतले. रोज एक उकरायची, पाहायचे, वहीत चित्र काढायचे आणि बाकीच्यांना हात लावायचा नाही, असा तिचा नियम. दुसऱ्या दिवशी साल सुटलेली दिसली. तिसऱ्या दिवशी पांढरे मूळ दिसले, कोंबाचा पत्ता नव्हता. आजी म्हणाली, "आधी खाली, मग वर. घराचंही असंच असतं, आधी पाया." पाचव्या दिवशी शेवटच्या करवंटीतली माती उचलून चवळीने मान वर काढली. मग आईने तीच जुनी चित्रफीत पुन्हा लावली. मुलीने ती अखेरपर्यंत पाहिली आणि म्हणाली, "ह्यांनी मधले दिवस कापलेत."

शैक्षणिक चित्रफितींविषयी ह्याहून नेमके मत आम्ही कोणाकडून ऐकलेले नाही. चित्रफीत मधले दिवस कापते. तो तिचा दोष नव्हे; तोच तिचा धर्म आहे. पाच दिवसांचे पाऊण मिनिट करून दाखवणे हे मानवी डोळ्याला अशक्य असलेले काम ती करते, आणि त्यासाठी आपण तिचे ऋणीच असले पाहिजे. परंतु शिकणे घडते ते त्या मधल्या दिवसांत. वाट पाहणे, चुकणे, उकरून पाहणे, पुन्हा पेरणे, मोठ्या माणसाला विचारणे हे कोणत्याही पडद्यावर दाखवता येत नाही. ते घराने द्यावयाचे असते. घराने ते दिले नाही, तर मुलापाशी पाऊण मिनिट उरते आणि आपले बी खोटे आहे अशी समजूत उरते.

हा विचार नवा आहे असे कोणी समजू नये. आपल्या देशात दूरचित्रवाणीचा जन्मच मुळी शिक्षणाच्या नावाने झाला. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत तिचे प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले आणि १९६१ मध्ये दिल्लीतील शाळांसाठी तिच्यावरून पाठ दाखवण्यास प्रारंभ झाला. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यानंतर एक फार मोठा प्रयोग झाला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे एक वर्ष अमेरिकेचा एक उपग्रह भारताने वापरण्यास घेतला आणि त्याच्याद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत थेट कार्यक्रम पोहोचवले. कर्नाटक हे त्या सहांपैकी एक राज्य. सकाळी शाळेतल्या मुलांसाठी प्रत्येक भाषेत सुमारे बावीस मिनिटांचा कार्यक्रम असे आणि संध्याकाळी प्रौढांसाठी शेती, आरोग्य, कुटुंबकल्याण ह्यांविषयीचे कार्यक्रम असत. ज्या गावांत विजेचा दिवाही अपूर्वाईचा होता, तेथे उपग्रहावरून धडे आले.

ह्या प्रयोगातील एक गोष्ट आजच्या पालकांनी विशेष ध्यानात घ्यावी. त्याच्या योजकांनी मुलांपुढे संच मांडून हात झटकले नाहीत. त्यांनी हजारो प्राथमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणाची व्यवस्था केली. आणि ते प्रशिक्षणही केवळ पडद्यावरून दिले नाही. पडद्यावरील पाठ, नभोवाणीवरील चर्चा, हातांनी करावयाचे प्रयोग आणि जवळ उभा राहून शंका फेडणारा मार्गदर्शक ह्या चारींची त्यात सांगड होती. पृथ्वीपासून सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरून चित्र खाली आणण्याचे शास्त्र ज्यांना साधले होते, त्यांनाही हे उमगले होते की संचापासून मुलापर्यंतचे शेवटचे दोन हात अंतर माणसालाच कापावे लागते. पुढे १९८४ मध्ये पुण्यात 'बालचित्रवाणी' उभी राहिली, मराठी मुलांसाठी मराठीतून कार्यक्रम होऊ लागले. २०१७ मध्ये ती संस्था बंद झाली. संस्था येतात आणि जातात. ते दोन हात अंतर मात्र तेवढेच राहते.

परदेशांतही हाच अनुभव आला. अमेरिकेत १० नोव्हेंबर १९६९ रोजी 'सेसमी स्ट्रीट' ह्या बालकार्यक्रमास प्रारंभ झाला. गरीब घरांतल्या, बालवाडीत जाऊ न शकणाऱ्या मुलांना अक्षरे आणि आकडे घरबसल्या शिकता यावेत, ही जोन गँझ कूनी ह्या बाईंची त्यामागची दृष्टी. २००६ पासून 'गली गली सिम सिम' ह्या नावाने त्याचा भारतीय अवतारही आपल्याकडे दिसू लागला. मूळ कार्यक्रमाची पहिली परीक्षा झाली तेव्हा निष्कर्ष निघाला, की ज्या मुलांनी तो अधिक पाहिला ती अधिक शिकली. सर्वांना आनंद झाला. परंतु १९७५ मध्ये थॉमस कुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच आकडे पुन्हा तपासले, तेव्हा एक बाब उघडकीस आली. परीक्षणासाठी निवडलेल्या पुष्कळ घरांत कार्यकर्ते वरचेवर जात, आईवडिलांना कार्यक्रमाचे महत्त्व सांगत, मुलांना तो पाहण्याचे उत्तेजन देत. अशा घरांतील मुलांची प्रगती डोळ्यांत भरण्याजोगी होती. ज्या घरांत कोणी असे उत्तेजन दिले नव्हते, तेथे निव्वळ पाहण्याचा लाभ पुष्कळच कमी ठरला.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की पुढे २०१५ मध्ये मेलिसा कीर्नी आणि फिलिप लेव्हीन ह्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्या कार्यक्रमाची भलावणच झाली. ज्या प्रदेशांत त्याचे प्रक्षेपण स्पष्ट दिसत होते, तेथील मुले शाळेत गेल्यावर आपल्या वयाला साजेशा इयत्तेत टिकून राहण्यात सरस ठरली. तेव्हा पडदा निरुपयोगी आहे असे म्हणणे खरे होणार नाही, आणि आम्ही तसे म्हणतही नाही. पडद्याचा गुण माणसाच्या संगतीने वाढतो, हे आमचे म्हणणे.

भाषेच्या बाबतीत तर हे फारच ठळकपणे दिसून आले आहे. अमेरिकेतील सिॲटल येथे पॅट्रिशिया कूल ह्या विदुषीने २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. केवळ इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील नऊ महिन्यांची बाळे तिने घेतली. काही बाळांशी चिनी बोलणारी माणसे बारा वेळा येऊन खेळली, त्यांना पुस्तके वाचून दाखवली. दुसऱ्या काही बाळांना त्याच माणसांचे तेच बोलणे पडद्यावर दाखवण्यात आले. ज्यांच्याशी माणसे खेळली, त्या बाळांचे कान चिनी भाषेतील बारीक ध्वनिभेद ओळखू लागले. पडद्यापुढच्या बाळांच्या पदरी काहीच पडले नाही. बोलणारे तेच, शब्द तेच. फरक एवढाच, की पडद्यावरचे माणूस बाळाच्या डोळ्यांत पाहत नव्हते आणि बाळ हसले तर थांबत नव्हते.

हा प्रयोग आपल्यासारख्या बहुभाषिक गावांतील घरांनी तर गाठीशी बांधून ठेवावा असा आहे. आपले मूल बाजारात कानडी ऐकते, घरात मराठी, पडद्यावरच्या चित्रकथांत हिंदी आणि अभ्यासाच्या चित्रफितींत इंग्रजी. ह्यात वाईट काहीच नाही. चार भाषांचा कान असलेले मूल हे आपल्या प्रदेशाचे वैभव आहे. परंतु पडद्याने चार भाषा बोलाव्या आणि घराने मौन धरावे, असे झाले तर मूल चार भाषांतील नावे शिकेल आणि विचार करण्यासाठी त्याच्यापाशी एकही भाषा भरवशाची उरणार नाही. चित्रफीत इंग्रजीत असली तरी तिच्यावरचे बोलणे मराठीत होऊ द्यावे. गुरुत्वाकर्षणाचा धडा कोणत्याही भाषेत येवो, "मग चंद्र का पडत नाही?" हा प्रश्न मुलाने आईला आपल्या भाषेत विचारला पाहिजे, आणि आईने त्याच भाषेत त्याच्याबरोबर डोके खाजवले पाहिजे.

येथे कोणी वाचक म्हणेल, हे सारे रिकामा वेळ असलेल्यांचे तत्त्वज्ञान झाले. वडगाव-शहापुरात मागावर बसणारा विणकर, ओतकामाच्या कारखान्यात पाळी भरणारा कामगार, सकाळी कामाला जाऊन दिवेलागणीला परतणारी आई, ह्यांनी मुलाशेजारी कधी बसायचे? आणि बसून तरी काय करायचे? ज्यांनी स्वतः सातवीनंतर शाळा पाहिली नाही, ते मुलाला त्रिकोणमिती काय सांगणार? ह्या लोकांना तर चित्रफीत म्हणजे देवच भेटला!

आक्षेप खरा आहे आणि त्याची टाळाटाळ करणे बरे नव्हे. ज्या घरात त्रिकोणमिती जाणणारे कोणी नाही, त्या घरातील पंधरा वर्षांच्या मुलाला चांगली चित्रफीत हा मोठाच आधार आहे. सलमान खान नावाच्या, चित्रपटांशी काही संबंध नसलेल्या, अमेरिकेतील एका गृहस्थांनी २००४ मध्ये दूरगावी राहणाऱ्या आपल्या आतेमामे भावंडांना दूरध्वनीवरून गणित शिकवण्यास सुरुवात केली. २००६ पासून ते आपले पाठ चित्रफितींच्या रूपाने यूट्यूबवर ठेवू लागले. भावंडांनी त्यांना सांगितले, की तू समोर असण्यापेक्षा चित्रफितीतलाच बरा! ह्यात थट्टा होती तसे मर्मही होते. चित्रफीत थांबवता येते, दहा वेळा मागे नेता येते, आणि "एवढेही कळत नाही का?" असे ती कधी म्हणत नाही. शंका विचारण्याची लाज वाटणाऱ्या मुलाला हा केवढा दिलासा आहे, हे आपल्यापैकी ज्यांनी वर्गात मार खाल्ला आहे त्यांना वेगळे सांगायला नको. पण त्या गोष्टीचा प्रारंभही विसरू नये. त्या चित्रफितींच्या आधी दोन वर्षे एक माणूस आपल्या भावंडांशी बोलत होता, आणि कोठे अडते ते ऐकत होता.

शिवाय, शेजारी बसण्यासाठी विद्वत्ता लागतेच असे नाही. आमच्या हकीगतीतील आजीला वनस्पतिशास्त्र येत नव्हते. तिला थांबणे येत होते. चित्रफीत संपल्यावर मुलाला तीन प्रश्न विचारता आले म्हणजे पालकाची विद्या पुरी झाली. काय पाहिलेस? ते खरे कशावरून? आणि आपल्याकडे तसेच आहे का? पहिल्या प्रश्नाने मूल पाहिलेले शब्दांत मांडू लागते. दुसऱ्याने ते पडद्यावरील माणसाचा शब्द प्रमाण मानण्याची सवय सोडते. आणि तिसरा प्रश्न तर सोन्याचा आहे. ऋतूंच्या परदेशी चित्रफितीत पाने लाल होऊन गळतात, बर्फ पडतो, मग फुले येतात. पावसाळा नावाचा ऋतूच तेथे नसतो. बेळगावच्या मुलाने ती पाहावी, आणि मग बापाने त्याला खिडकीपाशी नेऊन विचारावे, की आपल्याकडे मृग निघाला म्हणजे काय होते? ढग कोणत्या बाजूने येतात? ह्याला वीस मिनिटे पुरतात. पाळी संपवून आलेला थकलेला बापही जेवता जेवता हे करू शकतो, आणि तो घरी नसेल तर आजी, मोठी बहीण किंवा शेजारचे निवृत्त मास्तर हे करू शकतात. "मला ठाऊक नाही, आपण पाहू" एवढे म्हणण्याचे धैर्य मात्र मोठ्या माणसापाशी हवे.

आता मूळच्या तीन प्रश्नांकडे वळू. चित्रफीत कोणती चांगली? जी संपल्यावर मूल जागेवरून उठते आणि काहीतरी करू लागते, ती चांगली. जी संपल्यावर मूल पुढची मागते, ती कितीही ज्ञानपूर्ण असली तरी तिच्याविषयी सावध असावे. अरविंद गुप्ता ह्यांच्या चिमुकल्या चित्रफिती पाहाव्या. काड्यापेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, जुनी वर्तमानपत्रे, रिकाम्या बाटल्या ह्यांतून विज्ञानाची खेळणी कशी करावी, हे त्यांत मिनिट-दोन मिनिटांत दाखवलेले असते. आणि त्यांतील पुष्कळ मराठीतही आहेत. अशी चित्रफीत पाहिल्यावर मूल पडद्यासमोर बसूच शकत नाही. ते घरात रिकामी बाटली शोधू लागते. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी सुरू झालेल्या 'टिलीमिली' ह्या मालिकेचा रोखही घरातील आणि परिसरातील वस्तूंतून कृती करण्याकडे होता. त्याच महिन्यात बंगळूरच्या चंदन वाहिनीवर आठवी ते दहावीच्या वर्गांसाठी पाठ सुरू झाले. दोन्ही उपक्रम संकटकाळी धावून आले ह्याबद्दल त्यांचे आभारच मानावे. परंतु त्या काळात ज्या घरांत संच चालू होता आणि शेजारी कोणी नव्हते, त्या घरांतील मुले शाळेत परतली तेव्हा किती मागे पडली होती, हे आपल्या प्राथमिक शिक्षकांना विचारावे.

वेळ किती द्यावा? अगदी लहानांच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्पष्ट सांगितले आहे, की एक वर्षाच्या मुलाला पडद्यापुढे बसवूच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी एका तासाहून अधिक नाही; त्याहून कमी तितके उत्तम. मोठ्या मुलांसाठी आमच्या मते घड्याळापेक्षा एक साधे माप अधिक उपयोगी पडेल. जेवढा वेळ पाहणे, निदान तेवढाच वेळ त्यावर बोलणे किंवा करणे. बोलायला वेळ नसेल त्या दिवशी पाहणेही कमी करावे. वाहिनी कोणती, ह्याचे उत्तरही मग आपोआप मिळते. जिच्यावरचे कार्यक्रम मोठ्या माणसाला मुलाबरोबर बसून पाहावेसे वाटतात, ती.

घरशाळेचा मार्ग पत्करलेल्यांना एक गोष्ट विशेषेकरून सांगावीशी वाटते. त्यांना चिंता असते ती प्रमाणपत्राची. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेला शिक्षणहक्काचा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शाळेचा हक्क देतो; घरशाळेचा स्वतंत्र विचार त्यात केलेला नाही. पुढच्या वाटेसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे. चौदा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला तिच्यामार्फत दहावीच्या तोडीची परीक्षा देता येते. तेव्हा परीक्षेची वाट मोकळी आहे. आमची चिंता निराळी आहे. शाळेत मूल गुरुजींपेक्षाही शेजारच्या बाकावरच्या मुलाकडून शिकते; त्याच्याशी भांडते, त्याचे उत्तर चुकीचे ठरवते, स्वतः चुकते. घरशाळेतून हा सोबती वजा झाला आणि त्याच्या जागी पडदा आला, तर त्या मुलाला चुकीचे ठरवणारे कोणी उरत नाही. म्हणून अशा दोन-तीन कुटुंबांनी आठवड्यातून एक-दोनदा मुलांना एकत्र आणावे. एक चित्रफीत सर्वांनी मिळून पाहावी आणि मग भांडू द्यावे. ह्या भांडणात मोठ्यांनी फार लवकर निवाडा देऊ नये.

ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांसह ते वाढवले. तेथील आदिवासी मुले गुरे राखायला जात; शाळेत येत नसत. तेव्हा ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच कुरणात नेली. शिंपले, बिया, दगड, पाने ही त्या शाळेची साधने होती. आज आपल्या हाती जे साधन आले आहे ते शिंपल्यांहून शतपटींनी सामर्थ्यवान आहे; समुद्राचा तळ आणि चंद्राची पाठ ते मुलाला दाखवू शकते. परंतु कुरणशाळेत शिंपल्यांपाशी एक बाई मांडी घालून बसलेली असे. तिच्यावाचून ते शिंपले नुसते शिंपलेच राहिले असते.

आमच्या परिचयाच्या त्या घरी चवळीचा वेल आता खिडकीच्या गजावर चढला आहे. मुलीच्या वहीत पाच दिवसांची पाच वेडीवाकडी चित्रे आहेत, आणि प्रत्येकाखाली आजीने सांगितलेली आणि नातीने लिहिलेली एकेक ओळ. आज संध्याकाळी आपल्या घरी मूल पडद्यासमोर बसेल, तेव्हा हातातले काम वीस मिनिटे बाजूला ठेवून आपण त्याच्या शेजारी जाऊन बसावे आणि चित्रफीत संपल्यावर त्याला विचारावे, "ह्यांनी मधले कोणते दिवस कापले असतील?" एवढीच विनंती.